येडशीत जेवायला कुठं थांबावं?

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला माणूस येडशीला पोचतो तोवर त्याला भूक लागलेली असते. लातूर-बार्शीचा रस्ताही इथंच भेटतो. महामार्ग चारपदरी झाला तोही दोन तुकड्यांत, सोलापूर ते येडशी आणि येडशी ते तेव्हाचं औरंगाबाद. त्यामुळे ज्यांनी येडशी कधी पाहिली नाही त्यांनाही हे नाव माहीत झालं. श्रावणात इथल्या रामलिंगच्या देवळात गर्दी उसळते, पावसाळ्यात तिथला धबधबा बघायला पुण्या-सोलापूरकडची मंडळी येतात, आणि मला फोन येतो: तुमच्या येडशीत चांगलं जेवण कुठं मिळेल?

आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना छेदतात. एक मामांचं. मामांनी उभा जन्म एसटीच्या चाकावर काढला. धाराशिव, कळंब, बार्शी, बीड या पट्ट्यात कुठल्या स्टँडवर चहा कसा होता, कुठल्या ढाब्यावर रस्सा खरा होता, हे ते अजून सांगू शकतात. दुसरं उत्तर माझ्या धाकट्या बहिणीचं. ती संगणकाच्या नोकरीत मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा या मोठ्या शहरात राहून आलीय. तिथं आपल्या आयटीवाल्यांची बरीच ये-जा असते. परत आल्यापासून येडशीच्या हॉटेलांवर तिचा राग आहे. दिवाळीपासून दोघांचं जे चाललंय ते इथं मांडतो. मध्येमध्ये मला बोलावंसं वाटलं तिथं मीही बोललोय.

भाची: मामा, माझं म्हणणं सरळ आहे. येडशीतलं चांगलं जेवण हॉटेलात नाहीच. चौकात थांबून मेनूकार्ड मागितलं की काय येतं? पनीर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, तंदुरी रोटी. हेच अंबाल्यात मिळतं, हेच इंदूरला मिळतं. आपल्या रानात काय पिकतं? शाळू, तूर, हरभरा, करडई. त्यातलं ताटात काय आलं? कुणी विचारलं तर मी सांगते, ओळख काढा आणि कुणाच्या तरी घरी जेवा. नाहीतर वेळ अमावस्येला या आणि शेतात बसा. बाकी सगळं पोट भरणं आहे.

मामा: आणि ज्याची ओळख न्हाई त्यानं काय करायचं? ट्रकवाला हाय, औषधाच्या कंपनीचा माणूस हाय, तुळजापूरला चाललेलं नवस फेडणारं कुटुंब हाय. त्येंनी उपाशी जायचं? मी इतकी वर्सं गाडी चालवली. रात्री अकराला गाडी लावली की मला कुणाच्या घरची ओळख कामाला आली न्हाई. दारात दिवा लावून बसलेला हाटेलवाला कामाला आला.

भाची: पण त्यानं दिलं काय?

मामा: ऊन ऊन दिलं. रात्री अकराला ते लई असतंय.

मामांचं हे वाक्य मला कमी मोलाचं वाटत नाही. खाण्यावर लिहिणारे आपण बहुतेक जण सवडीनं जेवायला निघालेले असतो. कामावरच्या माणसाची भूक वेगळी असते, आणि रस्त्यावरची हॉटेलं त्या भुकेसाठी उभी राहिलेली आहेत.

मामा: आता तूच सांग. तिकडं त्या गावात तुला कुणी शेतात बोलवलं व्हतं का?

भाची: नाही.

मामा: मग कुठं खाल्लंस?

भाची: गाड्यावर. तिथं टाको गाड्यावरच खातात. मक्याची तळहाताएवढी भाकरी, त्यांची तोर्तिया. तिच्यावर मटण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. वरून लिंबू पिळायचं, उभ्यानं खायचं. ग्वादालाहाराच्या भागात बिर्रिया म्हणून बकऱ्याच्या मटणाचा प्रकार आहे. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटतात, ते वाटण मटणाला चोळतात आणि मंद आचेवर तासन् तास शिजवतात. रस्सा वेगळ्या वाटीत येतो. शहराच्या जुन्या भागात नऊ कोपऱ्यांचा चौक म्हणून जागा आहे, तिथं नुसती बिर्रियाची दुकानं. मी पहिल्यांदा तो रस्सा प्यायले तेव्हा मला कंदुरीच्या मटणाची आठवण झाली.

मामा: म्हंजे आपलंच की.

भाची: मिरची तर त्यांचीच आहे. पोर्तुगीज आले त्यांच्या मागोमाग ती इकडं आली. आपण तिचं काळं तिखट केलं.

मामा: मग ऐक. तुला त्या शहरात जे चांगलं मिळालं ते सगळं रस्त्यावर मिळालं. ओळख न्हाई, पाळख न्हाई, भाषा न्हाई. पैसे दिलेस, खाल्लंस. आन् आपल्या गावात आलीस की म्हणायलीस, रस्त्यावर काई न्हाई, ओळख काढा. ह्ये कसं जमायचं?

इथं बहीण जरा थांबली. मामांनी तिचाच दाखला तिच्यावर उलटवला होता. पण तिचं उत्तर ऐकण्यासारखं होतं.

भाची: कारण तिथं गाड्यावर तेच मिळतं जे घरात खातात. हाच तर फरक आहे, मामा. घरी मक्याची तोर्तिया, गाड्यावरही मक्याची तोर्तिया. गल्लोगल्ली तोर्तियाची दुकानं आहेत, लोक किलोवर विकत घेतात, गरम गरम फडक्यात गुंडाळून घरी नेतात. मेक्सिको सिटीत 1968 पासून चालू असलेला एक टाकोचा ठेला आहे. आत धड बसायला जागा नाही. 2024 साली त्याला मिशेलिनचा तारा मिळाला, ज्या ताऱ्यासाठी युरोपातली पांढऱ्या टेबलक्लॉथची हॉटेलं जीव टाकतात. मांसाचा पातळ काप, मीठ, लिंबू आणि तोर्तिया, एवढ्यावर मिळाला. एकच काम, पण रोज तेच आणि तसंच. आपल्याकडं घरात भाकरी आणि हॉटेलात रोटी. आपल्या जेवणाची आपल्यालाच लाज वाटते, म्हणून पाहुण्यापुढं पनीर ठेवतो.

मामा: लाज न्हाई गं. हिशेब हाय. तू भाकरी करतीस का?

भाची: येते मला.

मामा: चाळीस माणसाला कर. मग बोल.

हा मुद्दा मामांनी नंतर बराच खुलवला, आणि हॉटेलांवर टीका करणाऱ्या प्रत्येकानं तो ऐकावा असा आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्याला आधणाचं पाणी लागतं, आणि तळहाताच्या मुळानं परातीत रगडून रगडून ते सैल, मऊ करावं लागतं. पीठ ताजं हवं. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात. लाटणं चालत नाही. गोळा पिठावर ठेवून एका हातानं थापत, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कड सावरत ती फिरवायची. तव्यावर टाकली की वरच्या पिठावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी चुलीच्या आराला लावून फुगवायची. पापुद्रा सुटला तर भाकरी साधली. हे सगळं एका भाकरीसाठी, आणि भाकरी गार झाली की तिची मजा अर्धी जाते. तंदूरवर एक माणूस एका वेळी अनेक रोट्या लावतो. भाकरीला तव्यामागं एक बाई लागते, आणि ती बाई पहाटेपासून स्वतःच्या घरचं उरकून आलेली असते.

मामा: गिऱ्हाईक पनीरला दोनशे रुपये मुकाट देतंय. भाकरीला पंचवीस म्हटलं की डोळे वटारतंय, घरात फुकट मिळती म्हणून. घरात फुकट कोण करतंय ते बघत न्हाई. मग हाटेलवाला भाकरीवाली बाई कशाला ठेवील?

भाची: सोलापुरात बायका कडक भाकरीचा धंदा करतात, पाकिटं मुंबई-पुण्याला जातात. म्हणजे भाकरीला गिऱ्हाईक आहे.

मामा: हाय की. मग ऊन भाकरीला पन मोल द्या.

मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेला मालदांडी शाळू आमच्या या भागातल्या काळ्या रानात रब्बीला उभा असतो. बार्शीची बाजारपेठ ज्वारी-तुरीवर मोठी झाली. उस्मानाबादी शेळी, बहुतेक काळ्या रंगाची, दुष्काळात तग धरणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी, देशभर या जिल्ह्याचं जुनं नाव सांगते. म्हणजे चांगल्या जेवणाला लागणारं सगळं येडशीच्या भोवती दहा-वीस कोसांत आहे. भाकरी थापणाऱ्या हाताची मजुरी तेवढी ताटाच्या किमतीत धरली जात नाही. या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे.

बहिणीची दुसरी तक्रार मात्र मामांनाही खोडता आली नाही.

भाची: मागच्या उन्हाळ्यात मी एकटी गाडी घेऊन येत होते. एका ढाब्यावर थांबले, नाव घेत नाही. पुढच्या बाजूला बाटल्या घेऊन बसलेली माणसं. मला पोऱ्यानं मागं फॅमिली रूममध्ये नेऊन बसवलं आणि पडदा ओढला. मी चोरी केली होती का? ग्वादालाहारात रात्री अकराला मी गाड्यापाशी उभी राहून खायचे. माझ्या एका बाजूला टॅक्सीवाला, दुसऱ्या बाजूला लेकरू कडेवर घेतलेली आई. तुमची रस्त्यावरची पंगत सगळ्यांची म्हणता, ती पुरुषांची आहे.

मामा: ह्ये खरं हाय. ह्येला माझ्याकडं उत्तर न्हाई. स्टँडच्या कँटीनमधी असं नव्हतं. तितं बाया-मान्सं एका बाकावर बसायची.

त्यानंतर बहीण वेळ अमावस्येवर आली, आणि तिथून बोलणं वेगळ्याच वळणावर गेलं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावं ओस पडतात. आम्ही तिला येळवस म्हणतो. सगळे शेतात असतात. कडब्याची कोप करतात, आत पांडव मांडतात, पूजा होते, आंबील रानात शिंपडली जाते. आणि मग जेवण. आदल्या रात्री घराघरांत बायका जागतात ती भज्जीसाठी. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, वांगी, गाजर, बोरं, जे जे त्या आठवड्यात रानात हिरवं आहे ते सगळं चिंचेच्या पाण्यात शिजतं आणि बेसनानं घट्ट होतं. वर लसणाची फोडणी. जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, तिळाची पोळी. मातीच्या बिंदग्यात आंबील असते: ताक आणि ज्वारीचं पीठ, आंबवलेलं, वाटलेला लसूण आणि जिरं घातलेलं. दुपारच्या उन्हात ज्वारीच्या ताटांमधल्या सावलीला बसून ती गार आंबील प्यायली की डोळे मिटायला लागतात.

भाची: मामा, हे जगातल्या कुठल्या हॉटेलात मिळत नाही. विकतच मिळत नाही. तिकडं मक्याचं पीठ आंबवून तेहुइनो नावाचं पेय करतात, मीठ-लिंबू घालून गाड्यावर विकतात. पहिल्या घोटाला मला रडू आलं, कारण ती आंबीलच होती. पण भज्जी नव्हती. आणि भज्जी नुसती चवीची गोष्ट नाही. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळतात, म्हणून मक्यावर जगूनही ती माणसं धड राहिली. आपल्याकडं नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा, कातडी काळी पडून सोलायची. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास तो अभ्यास केला, आणि आपण तर निजामाच्या त्याच मुलखातले. ज्वारीला डाळ, पालेभाजी आणि ताक लागतं. येळवसाच्या ताटात ते सगळं आहे. हॉटेलवाल्यानं भाकरी दिलीच, तर ती एका मटणाच्या वाटीबरोबर. मटण संपलं, जेवण संपलं.

मामा: बोलून झालं?

भाची: झालं.

मामा: आता माझी येळवस ऐक. आमी लहान व्हतो तवा आमाला रान नव्हतं. आमाला बोलवायचे, न्हाई असं न्हाई. बांधाच्या ह्या बाजूला बसवायचे. भज्जी वरून पडायची, हाताला हात लागू न देता. आंबील वरून वतायचे, आमी ओंजळ धरायचो. चव तू म्हणतीस तीच व्हती. पन मला ती भज्जी आटवली की आधी बांध आटवतो. माझे वडील 1941 च्या फेब्रुवारीत तडवळ्याला गेले व्हते, बाबासाहेबांच्या परिषदेला. इतून किती लांब हाय तडवळं? शेजारचं गाव. ते परत आल्यावर बांधावर बसायला गेले न्हाईत. उपाशी बसले, पन गेले न्हाईत. मी नोकरीला लागलो, खाकी घातली आन् पहिल्यांदा स्टँडच्या कँटीनमधी बाकावर बसलो. पोऱ्यानं ताट आनून माझ्यापुढं ठिवलं. कपाला कप, ताटाला ताट, सगळ्यांना सारखं. वरन पातळ व्हतं, भात गार व्हता. तसं जेवन मी पुन्हा कुठं जेवलो न्हाई.

कसबे तडवळ्याची ती महार-मांग वतनदार परिषद 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला भरली होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी तेव्हा कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, तडवळे करत लातूरला जायची. 1911 पासून ती तिथवर धावत होती. 2008 पर्यंत ती लाईन रुंद झाली. मामांचे वडील कसे गेले, चालत की गाडीनं, हे आता सांगणारं कुणी उरलं नाही.

चांगल्या जेवणाच्या याद्या करणाऱ्यांनी हा हिशेब कधी धरलेला नसतो. चव जिभेवर असतेच. पण वाढणाऱ्यानं कुठं बसवलं, कसं वाढलं, यावर ती राहते किंवा जाते. मामांना पातळ वरण श्रेष्ठ वाटतं त्यामागं त्यांचं संबंध आयुष्य आहे, आणि ते वरण चांगलं नव्हतं असं त्यांना सांगण्याचा अधिकार मला तरी नाही.

भाची: मामा, हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.

मामा: इचारलं कुनी?

भाची: पण आता तर आपलं रान आहे. आपल्या कोपीवर आपण कुणालाही बसवतो.

मामा: बसवतो. म्हनून तर मी येळवसाला सकाळपास्नं रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हातो. जाईल त्येला हाक मारतो. पंक्चर काढायला थांबलेला ट्रकवाला पन आनलाय मी कोपीवर. हरयानाचा व्हता, दोनदा आंबील मागून घेतली. तुझं म्हननं मला पटत न्हाई ते इतकंच, की ओळख काढून या. ओळख कशाला लागती? बोलवनाऱ्यानं हाक मारली की झाली ओळख.

भाची: मग हॉटेलवाल्यानंही भज्जी करावी. हाक मारल्यासारखी. जानेवारीत, रानात माल आहे तोवर. महिन्याभरासाठी पनीर बंद ठेवा म्हणत नाही मी, पण फळ्यावर एक ओळ लिहा.

मामा: करील. बाईची मजुरी निघू दे, करील.

भाची: रामलिंगच्या वाटेवर, वनखात्याच्या हद्दीबाहेर, बचत गटाच्या बायकांनी चूल मांडली तर? पावसाळ्यात हजारो माणूस येतं. ऊन भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, कांदा. एवढंच. एकच काम, रोज तेच. कुणी एकटी बाई आली तर तिला पडद्यामागं बसवायचं नाही.

मामा: आन् कुनालाच वरून वाढायचं न्हाई.

इथवर दोघं एका ठिकाणी आले. मामा अजून म्हणतात की महामार्गावरचा दिवा विझला नाही पाहिजे, मग ताटात काही का असेना. बहीण म्हणते, ताटात काही का असेना म्हणालात तर ताटात काहीच राहणार नाही. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणून फोन करणाऱ्याला मी आता हे सांगतो.

येडशीच्या चौकात थांबलात तर आधी आत डोकावून बघा, भाकरी थापणारी बाई आहे का. असेल तर बसा, मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि भाकरी सांगा. वेळ लागेल, कुरकुर करू नका. सोबत पिठलं मागा, आमटी मागा. मटण मागवलंत तर भाकरी रश्शात चुरून खा, चमचा लागत नाही. बिलात भाकरीचा दर जास्त वाटला तरी तो द्या, आणि भाकरी चांगली होती हे त्या बाईला ऐकू जाईल असं सांगा. पुढं संभाजीनगरकडे निघालात तर सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा घ्या. तिथला खवा बाहेर लांबवर जातो, तर वाटेवरच्यानं तो ताजा का सोडावा?

मार्गशीर्ष अमावस्येला या रस्त्यानं जात असाल तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान गाडीची काच खाली असू द्या. बांधावरून कुणी हाक मारली तर थांबा आणि पंगतीत बसा. आणि तुमच्या स्वतःच्या रानात त्या दिवशी कोप असेल, तर रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारा.